सेकिरो पहिल्यांदाच खेळताय? मग तलवारीसमोरून हटू नका

'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' हा व्हिडिओ गेम २२ मार्च २०१९ रोजी आला. कंपनी जपानची फ्रॉमसॉफ्टवेअर, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि २०२३ पर्यंत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. तरीही पहिल्या काही तासांतच हात टेकून तो कायमचा बंद करणारे आजही खूप आहेत. "आपले रिफ्लेक्स तेवढे फास्ट नाहीत बुवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते पटत नाही. अडकणाऱ्यांपैकी बहुतेक जण हा गेम दुसऱ्याच कुठल्यातरी गेमसारखा खेळत असतात: वार आला की मागे उडी, मग एक वार, पुन्हा मागे. 'डार्क सोल्स' किंवा 'एल्डन रिंग'मध्ये हे चालतं. सेकिरोमध्ये याच सवयीमुळे लढाई लांबते आणि अखेर जीव जातो.

म्हणून हा लेख. सुरुवातीपासून गेनिचिरो आशिना या बॉसपर्यंत, म्हणजे जिथे गेम तुमची पहिली खरी परीक्षा घेतो तिथपर्यंत, काय क्रमाने शिकायचं ते इथे सांगतो. कथेतली मोठी गुपितं फोडलेली नाहीत.

खेळायला बसण्याआधी

शक्य असेल तर कंट्रोलर घ्या. कीबोर्ड-माऊसवर खेळणारेही आहेत आणि उत्तम खेळतात, पण नवख्याला डिफ्लेक्टचं, म्हणजे वार अचूक वेळी परतवण्याचं, बटण बोटाखाली सतत हवं असतं आणि ते कंट्रोलरवर सोयीचं पडतं. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर या गेममध्ये फार नडतो. पीसीवर ग्राफिक्स थोडे कमी ठेवा, पण फ्रेमरेट स्थिर राहू द्या.

आवाज बंद ठेवून खेळू नका. नीट अडवलेल्या आणि नुसत्या झेललेल्या वाराचा आवाज वेगळा येतो, आणि तुमचं टायमिंग बरोबर आहे की नाही हे डोळ्यांआधी कानांना कळतं.

हे एकदा स्पष्ट असू द्या: सेकिरोमध्ये डिफिकल्टीचा पर्याय नाही. मदतीला दुसरा खेळाडू बोलावता येत नाही. शत्रू मारत बसून लेव्हल वाढवावी तर तीही सोय नाही. शेवटपर्यंत हातात एकच कटाना, कुसाबिमारू. यातही दिलासा आहे, कारण "माझं हत्यार चुकलं की काय, पॉइंट चुकीच्या ठिकाणी घातले की काय" ही धास्ती राहत नाही. शिकायची ती एकच तलवार. आणि हो, सोल्समध्ये नसलेली एक चांगली गोष्ट इथे आहे. गेम पॉज होतो. डोकं तापलं की खुशाल पॉज करा.

पहिली लढाई हरलात तर हरलात

सुरुवातीचा भाग संपताना लव्हाळ्यांच्या मैदानात गेनिचिरो समोर येतो आणि दोन-चार वारांत लोळवतो. तिथे खेळाडू जिंकला तरी कथा बदलत नाही. तुमच्या पात्राचा, म्हणजे सेकिरोचा, डावा हात जातोच. त्यामुळे हा प्रसंग मनाला लावून घेऊ नका. शुद्ध येते ती एका मोडकळीला आलेल्या मंदिरात. तिथला मूर्तिकार तुटलेल्या हाताच्या जागी लाकडी यांत्रिक हात बसवून देतो, आणि गेम खरा सुरू होतो तो इथून.

आधी हानबेईला भेटा

मंदिराबाहेर हानबेई नावाचा एक माणूस भेटतो. त्याला मरण येत नाही. तुमच्या सरावासाठी तो स्वतःवर वार झेलायला तयार असतो. बहुतेक जण त्याच्याशी दोन वाक्यं बोलून पुढे पळतात, तसं करू नका. त्याच्याकडे डिफ्लेक्टचा धडा घ्या, मग मोकळा सराव निवडा आणि काही वेळ त्याच्यावर एकही वार न करता फक्त त्याचे वार अडवत राहा. नवं कौशल्य मिळालं की त्याच्याकडे नवे धडेही येतात, तेव्हा अधूनमधून परत या. इथे मरण्याची भीती नाही, काही गमवायचं नाही. पूर्ण गेममध्ये एवढी निवांत जागा दुसरी नाही.

पोश्चर: सगळं गाडं याच्यावर चालतं

पडद्यावर दोन गोष्टी दिसतात. एक हेल्थ आणि दुसरं पोश्चर, म्हणजे लढणाऱ्याचा तोल. पोश्चरची नारिंगी पट्टी मधून दोन्ही बाजूंना वाढत जाते. ती पूर्ण भरली की तोल सुटतो, लाल ठिपका दिसतो आणि एका घावात काम तमाम करता येतं. त्याला डेथब्लो म्हणतात. शत्रूची हेल्थ अर्धी शिल्लक असली तरी फरक पडत नाही.

शत्रूचं पोश्चर दोन गोष्टींनी भरतं: तुमच्या वारांनी, मग ते त्याने अडवले तरी, आणि तुम्ही बरोबर वेळी अडवलेल्या त्याच्या वारांनी. या दुसऱ्या गोष्टीमुळे सगळं उलटं होतं. इतर गेममध्ये शत्रू सलग पाच वार करतो तेव्हा ती तुमच्यासाठी संकटाची वेळ असते. इथे त्या पाचही वारांत तुम्ही त्याला थकवत असता. तो जितका त्वेषाने अंगावर येईल तितका लवकर कोसळेल.

मग मागे पळण्यात तोटा काय? तुम्ही लांब गेलात की शत्रूचं पोश्चर सावरतं, पट्टी पुन्हा रिकामी होत जाते. मघाशी केलेली सगळी मेहनत काही सेकंदांत पाण्यात जाते. पळून-पळून लढणाऱ्याला प्रत्येक बॉस अमर वाटतो तो याच कारणाने.

मात्र हेल्थकडे अगदीच दुर्लक्ष करू नका. शत्रूची हेल्थ जितकी कमी, तितकं त्याचं पोश्चर सावकाश सावरतं. म्हणून मोठ्या बॉसशी लढताना सुरुवातीला संधी मिळेल तिथे त्याचं रक्त काढा, आणि हेल्थ निम्म्याच्या खाली आली की अंगाला चिकटून राहा. तिथून पुढे त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

तुमचंही पोश्चर असतं. ते लवकर सावरायचं असेल तर थोडं मागे सरा आणि ब्लॉकचं बटण दाबून धरा. नुसतं उभं राहण्यापेक्षा ब्लॉक धरून उभं राहिलं की तोल लवकर सावरतो. ही गोष्ट कित्येकांच्या अर्धा गेम संपला तरी ध्यानात येत नाही.

डिफ्लेक्ट नेमकं कसं करायचं

ब्लॉक आणि डिफ्लेक्ट एकाच बटणावर आहेत: प्लेस्टेशनवर एल-१, एक्सबॉक्सवर एलबी. बटण दाबून धरलं की ब्लॉक. वार अंगाला भिडण्याच्या क्षणी दाबलं की डिफ्लेक्ट. ब्लॉकमध्ये जीव वाचतो पण तुमचं पोश्चर चढत जातं. डिफ्लेक्टमध्ये ठिणग्या उडतात, खणकन आवाज होतो आणि मोठा धक्का शत्रूला बसतो. शिवाय तुमची पट्टी काठोकाठ भरलेली असली तरी अचूक डिफ्लेक्टने तुमचा तोल सुटत नाही.

घाबरून बटण टपाटप दाबत सुटणं हा हमखास दिसणारा प्रकार. गेमने त्यावर तोडगा काढून ठेवलाय: बटण सारखं बडवलं की डिफ्लेक्टसाठी मिळणारा वेळ आक्रसत जातो. एका वाराला एकदाच दाबा. आणि लवकर दाबलं गेलं तर बोट उचलू नका. दाबून धरलेलं असलं तर निदान ब्लॉक होतो, जखम होत नाही. म्हणजे उशिरा दाबण्यापेक्षा किंचित लवकर दाबलेलं बरं.

नजर कुठे ठेवायची? तलवारीच्या टोकावर नको, ते फार वेगाने फिरतं. शत्रूच्या खांद्यांकडे आणि कोपरांकडे पाहा. वार निघण्याआधी खांदा वळतो, हात मागे जातो. प्रत्येक शत्रूच्या वारांना ठेका असतो: कोणाचा एक-दोन, थांबा, तीन, कोणाचा सरळ चार. ठेका डोक्यात बसला की हात आपोआप चालतात. तबल्याचा ठेका कानात बसल्यावर गाणाऱ्याला सम शोधावी लागत नाही, तसंच हे आहे.

आणि वार करतानाही कान उघडे ठेवा. तुम्ही दोन-तीन वार केले आणि शत्रूने तुमचा वार खणकन परतवला, ठिणग्या जोरात उडाल्या, की पुढची पाळी त्याची. त्या क्षणी आक्रमण थांबवून डिफ्लेक्टला तयार व्हायचं. हे देणंघेणं कळलं की सेकिरोची लढाई मारामारी राहत नाही, जुगलबंदी होते. माझ्या मते ॲक्शन गेममध्ये तलवारीची लढाई इतकी जिवंत कोणी केलेली नाही.

लाल अक्षर दिसलं की

काही वार साध्या ब्लॉकने थांबत नाहीत. तेव्हा पडद्यावर लाल रंगाचं मोठं जपानी अक्षर झळकतं आणि इशाऱ्याचा आवाज येतो. अक्षर सगळ्या धोक्यांना एकच. धोका कोणता हे शत्रूच्या अंगाच्या हालचालीवरून ओळखायचं.

भोसकणारा वार असेल, म्हणजे तलवार किंवा भाला सरळ तुमच्या छातीकडे येत असेल, तर मिकिरी काउंटर. डॉजचं बटण त्याच्या दिशेने दाबायचं, सेकिरो पुढे पाऊल टाकून शत्रूचं शस्त्र पायाखाली दाबतो आणि त्याचं पोश्चर एकदम उसळतं. हे कौशल्य आपोआप मिळत नाही, स्किल पॉइंट देऊन शिनोबी आर्ट्समधून घ्यावं लागतं. पहिले पॉइंट दुसऱ्या कशावरही खर्च करू नका. मिकिरीनंतर ब्रेथ ऑफ लाइफ: लाइट घ्या, त्याने डेथब्लोनंतर थोडी हेल्थ परत मिळते.

पायाखालून फिरवलेला वार असेल तर उडी मारा, आणि हवेतच उडीचं बटण पुन्हा दाबून शत्रूच्या डोक्यावर पाय द्या. त्याच्या पोश्चरला त्याने चांगलाच दणका बसतो.

पकडायला आला तर बाजूला पळा. सेकिरोमध्ये लांब जाण्याची जी थोडी कारणं आहेत त्यातलं हे एक.

लपणं म्हणजे भित्रेपणा नव्हे

सेकिरो शिनोबी, म्हणजे निंजा आहे. चार जण एकदम अंगावर आले तर डिफ्लेक्टची कला कामी येत नाही. आधी छतावर चढा, कोण कुठे उभा आहे ते पाहा, कडेचे एकेक टिपा. शत्रूंची कुजबुजही ऐका, पुढच्या धोक्याबद्दल बरंच काही बोलून जातात.

बऱ्याच मिनी-बॉसच्या नावाजवळ दोन लाल ठिपके असतात, म्हणजे दोन डेथब्लो लागणार. त्यांच्या नकळत मागून किंवा वरून गाठलं तर पहिला ठिपका फुकटात जातो. आसपासचे सैनिक संपवताना मिनी-बॉसला चाहूल लागली तर दूर पळा, छतावर बसा, तो जागेवर परत जाईपर्यंत थांबा.

मिनी-बॉसना टाळत पुढे जाऊ नका. त्यांच्याकडून प्रेयर बीड मिळतात. चार जमले की विश्रांतीच्या मूर्तीपाशी हेल्थ आणि पोश्चर दोन्ही वाढवता येतात. गोर्ड सीड सापडलं की मंदिरातल्या एमाकडे द्या, औषधाचा एक घोट वाढतो. मोठ्या बॉसला हरवल्यावर मिळणाऱ्या मेमरीने वाराची ताकद वाढते. टाळावा असा अपवाद एकच: अंधाऱ्या गुहेत भेटणारा बिनमुंडक्याचा राक्षस, हेडलेस. तो जवळ असताना धावताही येत नाही आणि त्याच्याशी लढायला खास वस्तू लागतात. तिथून निघून जा, पुढे कधीतरी परत या.

मेलात तर काय जातं

मेल्यावर तिथेच पुन्हा उठता येतं, नावातच ते आहे. घाई करू नका. पडून राहा, शत्रू पाठ फिरवतो का पाहा, मग उठा. खरं मरण आलं तर हातातले निम्मे सेन, म्हणजे गेममधले पैसे, आणि पुढच्या स्किल पॉइंटसाठी जमवलेला निम्मा अनुभव जातो. पूर्ण झालेला स्किल पॉइंट मात्र कधीच जात नाही. त्यामुळे बॉसकडे जाण्याआधी पॉइंट पूर्ण होत आला असेल तर चार शत्रू जास्त मारून तो पूर्ण करून घ्या. सेन उरले असतील तर विक्रेत्याकडून नाण्यांच्या थैल्या विकत घ्या. थोडे पैसे जास्त पडतात, पण मेल्यावर थैलीतली रक्कम जात नाही.

वारंवार मेल्याने ड्रॅगनरॉट हा रोग पसरतो, ओळखीची माणसं खोकू लागतात. ते पाहून नवखे खेळाडू फार अस्वस्थ होतात आणि मरणाच्या धास्तीने जपून-जपून खेळू लागतात. एवढं लक्षात ठेवा: या रोगाने कोणी मरत नाही. आजारी माणसाची पुढची कथा तेवढी थांबते आणि मरताना नुकसान टळण्याची शक्यता, जी मुळात ३० टक्के असते, ती कमी होते. इलाज एमाकडून मिळतो, पण ड्रॅगन्स ब्लड ड्रॉपलेट मोजकेच असतात. अवघड बॉसवर अडकलेले असताना ते वापरू नका. बॉस पडला की मग सगळ्यांना एकदम बरं करा.

कोणत्या वाटेने जायचं

आशिना आउटस्कर्ट्समध्ये साखळदंडात जखडलेला एक धिप्पाड राक्षस आहे, चेन्ड ओगर. बऱ्याच जणांचा गेम इथे सुटतो. त्याच्याशी तलवारीची जुगलबंदी जमत नाही. तो धरतो आणि आपटतो. त्याच्या अलीकडे एका घरात म्हातारी बाई आहे, तिच्याशी बोला. ती एक घंटा देते. ती मंदिरातल्या बुद्धमूर्तीला वाहिली की हिराता इस्टेटची वाट उघडते. तिथे सुरुवातीलाच शेकोटीपाशी फ्लेम बॅरल मिळतं. मूर्तिकाराकडून ते यांत्रिक हातात बसवून घ्या. ओगरचे डोळे लाल आहेत आणि लाल डोळ्यांचे शत्रू आगीला भितात. एक झोत टाकला की तो बिचकतो, तेवढ्यात मनसोक्त वार करा.

हिराता इस्टेटच्या शेवटी लेडी बटरफ्लाय ही बॉस आहे. तिथपर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. आउटस्कर्ट्समधल्या पुढच्या बॉसला, ग्योबूला, आधी गाठावं असं माझं मत. तो घोड्यावर बसून येतो, मैदान अवाढव्य, आरडाओरडा मोठा, पण लढाई दिसते तेवढी अवघड नाही. आउटस्कर्ट्समधल्या विक्रेत्याकडे ५०० सेनला फटाके मिळतात, ते घेऊन जा. फटाका फुटला की घोडा उधळतो. ग्योबू लांब गेला की त्याच्यावर हिरवी खूण दिसते. दोर टाकून थेट त्याच्या अंगावर जा. त्याच्या मागोमाग येणाऱ्या पेटत्या बैलालाही हेच फटाके लागू पडतात.

गेनिचिरो

आशिना किल्ल्याच्या माथ्यावर तो पुन्हा भेटतो. आतापर्यंत लपून, फटाके फोडून, नशिबाने निभावलं असेल. इथे शिकलेलं सगळं लागतं.

तो लांबून बाण मारतो, म्हणून लांब राहायचं नाही. औषध प्यायला मागे सरलात तर त्याच वेळी बाण येतो. तेव्हा औषध त्याचा मोठा हल्ला संपल्यावरच घ्या. तलवारीच्या लांब साखळीत तो सलग वार करत येतो, भरभर, मध्ये किंचित अडखळत. ही साखळी शेवटपर्यंत उभं राहून डिफ्लेक्ट केली तर त्याची पट्टी डोळ्यांदेखत चढते.

नीट पाहण्यासारखा क्षण म्हणजे त्याची उडी. तो हवेत झेप घेतो आणि तलवार खाली आपटतो. तो वार अडवा, पण लगेच उलट वार करू नका. लाल अक्षर येतं, आणि पुढे दोनच शक्यता असतात. त्याने तलवार अंगाशी मागे ओढून टोक तुमच्याकडे केलं तर भोसकणार: मिकिरी. तो खाली वाकून अंग वळवतोय असं दिसलं तर पाय कापणार: उडी. सुरुवातीला हे दोन्ही एकसारखे वाटतील. काही फेऱ्या जिंकायच्या विचाराने खेळूच नका, फक्त एवढं एक ओळखायला जा. ओळखता आलं की लढाईचा नूर पालटतो, कारण ज्या वाराने तो तुम्हाला मारत होता तोच आता त्याचं पोश्चर सगळ्यात जास्त वाढवतो.

दोन डेथब्लो झाले की तो अंगावरचं चिलखत टाकून वीज घेऊन येतो. घाबरण्यासारखं दिसतं, पण वीज ही तुमच्यासाठी पर्वणीच आहे. वीज येताना हवेत असा, अंगावर घ्या, आणि जमिनीला पाय टेकायच्या आत वाराचं बटण दाबा. वीज त्याच्यावर परत जाते, तो थिजतो. जमिनीवर उभं राहून घेतलीत तर मात्र खैर नाही.

त्यानंतर

किल्ल्यापासून वाटा फुटतात. सेनपो मंदिराची वाट आधी धरा. ती पडक्या तुरुंगातून जाते. तिथला मुख्य बॉस तलवारीने जिंकायचा नाहीच, डोक्याने पकडायचा आहे, आणि गेनिचिरोनंतर तो बदल सुखावतो. त्याच डोंगरावर एक मोठी घंटा आहे, ती वाजवली की सगळे शत्रू जास्त कठीण होतात. पहिल्या खेळात तिला हात लावू नका.

कथेत पुढे एके ठिकाणी कुरोची, म्हणजे सेकिरो ज्याचं रक्षण करतो त्या छोट्या धन्याची, साथ सोडायची की नाही, हे तुम्हाला विचारलं जाईल. साथ सोडलीत तर गेम तिथून लवकर संपतो आणि उरलेला मोठा भाग, शेवटच्या बॉससकट, पाहायलाच मिळत नाही. पहिल्यांदा खेळताना कुरोच्या बाजूने राहा. हरवलेल्या बॉसशी पुन्हा लढायची हौस असेल तर ऑक्टोबर २०२० च्या मोफत अपडेटपासून ती सोय मूर्तीपाशीच आहे. गेनिचिरोची ती उडी पुन्हा पाहायला मी अजूनही तिथे जातो.